सहावर एक

आण्णांच्या कानात एक फार जुना आवाज अजून बसलेला आहे. नेसरीच्या घरी दिवेलागणीला वडील रानातून परत यायचे, तेव्हा आधी कडी वाजायची. कडीवर आई उठायची नाही. कडी काय, कुणीही वाजवतं. मग बाहेरून वडील खाकरायचे. ते खाकरणं सगळ्या गावात त्यांचं एकट्याचं होतं. गाडीचं चाक खड्ड्यात गेल्यासारखं सुरू व्हायचं आणि चाक वर आल्यासारखं संपायचं. ते ऐकलं की आई उठायची, दाराचा आडणा काढायची आणि एक शब्द न बोलता आत निघून जायची. कडी आणि खाकरणं, दोन्ही पटल्याशिवाय ते दार कधी उघडलं नाही.

हे सांगायचं कारण, परवा मोबाईलवर 'दुहेरी सुरक्षा चालू करा' अशी पाटी आली, तेव्हा आण्णांना नेमकं हेच आठवलं, आणि हा विषय आपल्याला समजला असं त्यांना वाटलं. (आण्णांच्या आयुष्यातले सगळे घोटाळे 'हे आपल्याला समजलं' इथूनच निघालेले आहेत.)

आण्णांचं खरं नाव साताप्पा. कोल्हापुरात पेठेतल्या बोळात त्यांची पिठाची गिरण होती. गिरणीच्या घरघरीत बोललेलं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून त्यांनी बोलणं कमी केलं. गुडघे कुरकुरायला लागले तशी गिरण विकली, पण बोलणं काही परत आलं नाही. आलं ते इतकं सावकाश, की ते फोनवर 'हॅलो' पुरं करेपर्यंत पलीकडचा माणूस 'रेंज न्हाय वाटतं' म्हणून फोन ठेवून देतो. शाळा चौथीपर्यंत. वर्गात ते मास्तरांचे लाडके होते, कारण ते आवाज करायचे नाहीत. उत्तरही द्यायचे नाहीत, तो भाग वेगळा.

त्यांच्या मंडळी बयाबाई मात्र बोळाच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाची माणसं 'काय म्हणाला?' असं न विचारता थेट उत्तर देतात. 'आपलं ताट' नावाच्या एका ॲपवर बयाबाई स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकतात. तांबडा रस्सा, खर्डा, वरणफळं. बघणारीही बरीच माणसं आहेत. खातं उघडलं होतं आण्णांनी, स्वतःच्या फोनवरून आणि स्वतःच्याच नावावर. कारण 'खातेधारकाचे नाव' असं विचारल्यावर त्यांनी प्रामाणिकपणे आपलं नाव सांगितलं. रांधायचं बयाबाईंनी आणि नाव साताप्पाचं. (असं बऱ्याच घरांत असतं, पण आण्णांना त्याची लाज वाटते, एवढं तरी त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.)

त्या सगळ्या व्हिडिओंत एक आक्काचा होता. आक्का म्हणजे बयाबाईंची थोरली बहीण, मलकापूरची. गेल्या वर्षी ती गेली. जाण्याआधी एकदा तिनं चुलीपुढं बसून तांदळाची भाकरी कशी थापायची ते दाखवलं होतं, आणि मध्येच काहीतरी बोलून ती जी हसत सुटली होती, ते हसणं त्या व्हिडिओत होतं. दुसरीकडं कुठं ते नव्हतंच. बयाबाईंच्या फोनमध्ये मूळ व्हिडिओ होता, पण फोन भरला म्हणून आण्णांनी 'जुनं सगळं साफ' केलं, त्यात तो गेला. त्या दिवसापासून घरात नियम झाला, 'माझ्या फोनाला हात लावायचा न्हाय.' आण्णांनी तो पाळला.

येत्या रविवारी मलकापूरला आक्काचं वर्षश्राद्ध होतं. आक्काच्या लेकीला, संयोगिताला, बयाबाईंनी शब्द दिला होता, 'तुझ्या आईचा आवाज घिऊन येतो बग मी.'

आणि त्याच आठवड्यात शेजारचे निसारभाई टेलर यांचं फेसबुकचं खातं कुणीतरी पळवलं.

पळवणाऱ्यानं त्यावर लिहिलं, 'माझी बदली झाली आहे, घरातले फर्निचर स्वस्तात काढायचे आहे.' निसारभाईंची बदली कुठं होणार? दुकानातून घरात, फार तर. पण सकाळपासून दारात माणसं. एक बाई तर आतपर्यंत गेली आणि निसारभाईंच्या मंडळी लालबी भाभी बसलेल्या होत्या तो पलंग हातानं दाबून बघू लागली. "ह्यो बी जाणार हाय न्हवं?" असं तिनं विचारलं. भाभींनी काय उत्तर दिलं ते बोळानं ऐकलं, इथं लिहिता येणार नाही.

ते बघून आण्णांच्या मनात आलं, उद्या कुणी 'आपलं ताट' पळवलं तर? आक्काला कुणी नेलं तर?

बयाबाई दूध आणायला गेल्या होत्या. आण्णांनी स्वतःचा फोन घेतला आणि एका बोटानं दुहेरी सुरक्षा चालू केली. पासवर्ड झाली कडी. कोड म्हणजे खाकरणं. कोड कुणाच्या नंबरवर पाठवायचा असं विचारल्यावर आण्णा गालात हसले. बाहेर वडील, आत आई. त्यांनी बयाबाईंचा नंबर दिला. खात्रीसाठी एक कोड बयाबाईंच्या फोनवर आला. फोन चार्जिंगला होता, तो आण्णांनी लांबून, हात मागं बांधून वाचला. नियम म्हणजे नियम. शेवटी ॲपनं विचारलं, 'सुरक्षेसाठी सर्व फोनवरून बाहेर पडायचे का?' सुरक्षेसाठी म्हटल्यावर नको कसं म्हणायचं? त्यांनी 'हो' दाबलं.

आणि आण्णा व बयाबाई, दोघंही खात्याच्या बाहेर आले.

दुपारी भांडी आवरून बयाबाई आक्काला बघायला बसल्या. रोज बसायच्या. मग स्वयंपाकघरातून हाक आली.

"अवो! हितं पासवर्ड मागतंय! काय केलंसा?"

"दुसरं... कुलूप... लावलं," आण्णा म्हणाले.

"कुणाला इचारून?"

आण्णा उत्तराची जुळवाजुळव करत होते. ती होईपर्यंत बयाबाईंनी फोन कमरेला खोचला आणि अबोला धरला. बयाबाईंचा अबोला म्हणजे घरातलं एकेक भांडं बोलायला लागतं. आण्णांनी दोनदा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन खाकरून बघितलं. आतून झारा वाजला. त्याचा अर्थ 'मागं फिरा' असा होतो.

तेव्हा मध्यस्थीला निसारभाई आले. टेप गळ्यातच होती.

"त्यात काय हाय आण्णा? तुमी तुमच्या फोनवर पासवर्ड घाला. कोड वयनींच्या फोनवर येतोय. वयनी मला सांगतील, मी तुमास्नी सांगतो. मी हाय की मदी."

आण्णांनी बाहेरच्या खोलीत, सोप्यात बसून पासवर्ड घातला. आत बयाबाईंच्या कमरेला फोन वाजला.

"वयनी, कोड सांगा."

"न्हाय सांगणार."

"का ओ?"

"हितं काय लिवलंय वाचा की भावजी. 'हा कोड कोणालाही सांगू नका.'"

"अवो वयनी, त्ये चोरासाठी हाय. आण्णा तुमचं मालक हायत."

"मग 'मालक सोडून' असं लिवलंय व्हय त्यात? आणि आक्काला कुलपात कुणी घातलं? चोरानं?"

निसारभाई बाहेर येऊन म्हणाले, "मुद्दा बरोबर हाय त्यांचा." आण्णांनाही तो बरोबर वाटला. तोवर कोडची वेळ संपली.

दुसऱ्या वेळी निसारभाईंनी आक्काची शपथ घातली. तेव्हा कुठं बयाबाई तयार झाल्या.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. बयाबाई नवऱ्याचं नाव घेत नाहीत. त्यांच्या वयाच्या पुष्कळ बायका घेत नाहीत, त्यात नवल नाही. पण नवऱ्याचं नाव साताप्पा. लग्न झाल्यावर सासूनं सांगितलं, 'नावातला आकडा बी तोंडात घ्यायचा न्हाय.' सासू गेली, काळ बदलला, पण बयाबाईंनी तो आकडा काही तोंडात घेतला नाही. त्याला त्या 'सहावर एक' म्हणतात. घड्याळात सहावर एक वाजतात. सातारा म्हणजे 'कराडच्या फुडचं'. एकदा त्या तलाठ्याकडं एकट्या गेल्या आणि 'सहावर एक, बाराचा उतारा द्या' म्हणाल्या, तर त्यानं बारा उतारे काढायला घेतले. घरात आण्णांना याची इतकी सवय झालेली, की ते वेगळं काही आहे हेच ते विसरून गेले होते. निसारभाईंना ते कुणी सांगितलेलंच नव्हतं. बयाबाईंच्या शिलाईचं माप लालबी भाभी घ्यायच्या ना.

"लिवा भावजी," आतून आवाज आला. "चार. नऊ. सहावर एक. दोन. सहावर एक. आठ."

निसारभाईंनी दारातून सोप्याकडं तोंड करून सांगितलं, "चार, नऊ, सहा, एक, दोन, सहा, एक, आठ!"

आण्णांचं बोट हळूहळू चाललं होतं. सहा आकडे झाले आणि चौकट भरली.

"निसार... जागा... संपली."

"संपली कशी? अजून दोन हायत! दाबून बसवा की!"

कोड चुकला. बयाबाईंनी आतून विचारलं, "काय झालं?" निसारभाई म्हणाले, "वयनी, तुमी आठ आकडं दिलासा, जागा सहाचीच हाय." बयाबाई म्हणाल्या, "मी सहाच दिलं!" निसारभाई म्हणाले, "मी कापड मोजतोय रोज, मला मोजायला येत न्हाय व्हय?" यावर जे भांडण झालं त्यात पुढचा कोड येऊन निघूनही गेला.

त्यापुढचेही कोड असेच चुकत गेले. तिसऱ्या की चौथ्या खेपेला आण्णांच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी सावकाश तोंड उघडलं. "निसार, सहावर एक... म्हंजी..." पण तेवढ्यात फोनवर लाल अक्षरं आली. 'अनेक वेळा चुकीचा कोड. खाते बंद करण्यात आले आहे. मदत हवी असल्यास विनंती करा. ओळख न पटल्यास खाते व त्यातील मजकूर काढून टाकला जाईल.'

"म्हंजी काय?" निसारभाईंनी विचारलं.

"सात," आण्णा म्हणाले.

निसारभाईंनी बोटांवर सहा आकडे परत मोजून बघितले. "आण्णा, ह्ये तुमी आदी सांगायचं का न्हाय?"

आण्णांना तरी कुठं माहीत होतं की हे सांगायचं असतं? त्यांनी लाल अक्षरं परत वाचली. 'मजकूर काढून टाकला जाईल.' आक्का म्हणजे मजकूर. एकदा त्यांनी तिला फोनमधून पुसली, आता जगातून पुसणार होते. तेही तिच्या राखणीसाठी. त्यांनी मदतीची विनंती भरली.

शनिवारी सकाळी बयाबाईंच्या फोनवर फोन आला. सोप्यात आण्णा, निसारभाई आणि पलंग वाचल्याच्या आनंदात असलेल्या लालबी भाभी बसल्या होत्या. बयाबाईंनी फोन स्पीकरवर टाकला, कारण कानाला लावला तरी त्या तेवढ्याच मोठ्यानं बोलतात.

"नमस्कार, मी 'आपलं ताट' मधून ऋतुराज बोलतोय."

"कशावरनं?"

"मॅडम?"

"कशावरनं तुमी त्येच? सगळीच कंपनीतनं बोलत्यात. ह्या भावजींचा सोफा इकला असाच एकानं. आदी तुमी तुमची वळख पटवा."

पोरगा शहाणा होता. विनंती भरल्यावर मिळालेला नंबर त्यानं वाचून दाखवला आणि आण्णांनी तो आपल्या फोनवर ताडून बघितला. जुळला. (दोन मिनिटं गेली त्यात, पण पोरगा थांबला.)

"आता मॅडम, खातं एकाच्या नावावर आणि नंबर दुसऱ्याचा, म्हणून दोघांची ओळख पटवावी लागेल. आधी तुम्ही मला खातेधारकाचं नाव सांगा."

बयाबाईंनी फोन आण्णांच्या दिशेनं सरकवला.

"ते हितंच बसल्यात की. त्यास्नीच इचारा."

"त्यांना नंतर विचारतो. नाव तुम्हीच सांगायचंय. आमचा नियम आहे."

"आमचा बी नियम हाय."

"मी सांगतो, साहेब," निसारभाई पुढं सरकले. "लिवून घ्या..."

"नको, नको! दुसऱ्या कुणी सांगितलं तर मला ही विनंती रद्द करावी लागेल."

निसारभाईंनी टेपचं टोक स्वतःच्या तोंडात धरलं.

"असं करा," बयाबाई म्हणाल्या, "सहावर एक म्हंजी किती? त्याला फुडं आप्पा जोडा."

"मॅडम, मी काही जोडू शकत नाही. नाव तुमच्या तोंडून यावं लागतं. नाहीतर, माफ करा, खातं बंदच करावं लागेल मला."

बयाबाई आण्णांकडं बघत होत्या. चार दिवसांत पहिल्यांदा. रागानं नव्हे, पाय घसरायच्या आधी माणूस धरायला काही शोधतो, तसं. त्यांचे ओठ हलले. 'सा' पर्यंत आलं आणि परत गेलं. एवढ्या वर्षांची सवय, ती काय पोराच्या नियमानं सुटते? आण्णांना वाटलं, पुढं व्हावं, सांगावं की राहू दे, बया, नको ओढून काढू. पण राहू दे म्हटलं की आक्का गेली.

"बयावैनी," लालबी भाभी एकदम म्हणाल्या, "उखाणा घ्या की! उखाण्यात घेतलं तर चालतंय न्हवं तुमच्यात?"

"साहेब, उखाणा चालतोय का?" निसारभाईंनी टेप तोंडातून काढून विचारलं.

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग पोरगा म्हणाला, "उखाण्याबद्दल आमच्याकडं काही लिहिलेलं नाही. म्हणजे... चालेल. घ्या."

बयाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. भिंतीकडं तोंड केलं. आणि बोळाच्या टोकापर्यंत गेलेल्या आवाजात म्हणाल्या,

"कुलपावर लावलं कुलूप, किल्ली टाकली आडात,
साताप्पारावांचं नाव घेते, आक्का अडकली कवाडात!"

लालबी भाभींनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या घरातून कुणीतरी 'वा!' म्हणालं. आण्णांनी मान खाली घातली. आपलं नाव इतकं चांगलं असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. उखाण्यात आपल्याला वेड्यात काढलंय हे त्यांच्या ध्यानात आलं, पण जरा उशिरानं.

"नाव बरोबर आहे," पोरगा म्हणाला. त्याचा आवाज थोडा ओला वाटला. किंवा हसू दाबत असेल. "आता खातेधारक, तुम्ही बोला. तुमची पुढची परवानगी हवी."

आण्णांना मोठं बोलायचं होतं. 'मी साताप्पा, माझी चूक झाली, आमच्या आक्काला सोडा.' सगळं घशात एकदम आलं आणि एकही शब्द दारातून निघेना. ते नुसते खाकरले. गाडीचं चाक खड्ड्यात गेलं आणि वर आलं.

"हॅलो? खातेधारक?"

"त्येच हायत ते," बयाबाई म्हणाल्या.

"मॅडम, खात्री आहे?"

"मग? एवढा संसार केला, खाकरणं वळखत न्हाय व्हय मी?"

पोरानं ते मान्य केलं. आण्णांनी मग सावकाश 'हो' म्हटलं, पोरानं तेवढ्यासाठी वाट बघितली, आणि खातं उघडलं.

आण्णांच्या फोनवर सगळं ताट परत मांडलं गेलं. रस्सा, खर्डा, वरणफळं, आणि खाली आक्का. बयाबाई येऊन आण्णांच्या शेजारी बसल्या. सगळे वाकले. चुलीचा धूर, आक्काचे पिठानं पांढरे झालेले हात. व्हिडिओ घेणाऱ्या बयाबाईंचा आवाज आला, "पीठ किती वाट्या घेतलीस आक्का?"

"मोज की तू."

"पाच, सहा, सहावर एक..."

"अगं सात म्हण की!" आक्का म्हणाली. "सात म्हटल्यावर काय तुझा न्हवरा झिजतोय व्हय?" आणि ती हसत सुटली. भाकरी हातात तशीच, डोळ्यांतून पाणी, हसणं काही थांबेना.

बयाबाईही हसल्या. मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आण्णांनी बघितलं नाही असं दाखवलं. निसारभाई म्हणाले, "आक्काचं खरं हाय," आणि लालबी भाभींनी त्यांना कोपर मारलं.

तेवढ्यात फोनवर एक पाटी आली. 'हा फोन लक्षात ठेवायचा का?'

आण्णांनी विचार केला. फोन कुणी चोरला तर? लक्षात ठेवलेला फोन चोराच्या हातात गेला तर आक्का थेट त्याच्या हातात. आता हा विषय आपल्याला खरोखर समजला होता. त्यांनी ठामपणे 'नको' दाबलं.

पडदा पांढरा झाला. आक्काचं हसणं मध्येच तुटलं. 'पुन्हा प्रवेश करण्यासाठी नवीन कोड पाठवला आहे.'

बयाबाईंच्या कमरेला फोन वाजला.

निसारभाई टेप गुंडाळू लागले. बयाबाईंनी फोन काढला, कोड वाचला. मग आण्णांकडं बघितलं, मग परत कोडकडं. आण्णांनी मान लांब करून लांबूनच बघायचा प्रयत्न केला, हात मागं बांधून. सहा आकड्यांत चार सात होते.

आण्णा खाकरले.

बयाबाई उठल्या. ज्याला हात लावायचा नाही असा तो फोन त्यांनी आण्णांच्या मांडीवर ठेवला. आण्णा कपाळावरचाच चष्मा आजूबाजूला चाचपून शोधत होते, तो त्यांच्या नाकावर सरकवला. आणि एक शब्द न बोलता त्या आत निघून गेल्या.